कारणे द्या : प्लग का वितळला?

मंडळी, 'कारणे द्या' हा प्रश्न आठवतो ना? आपण सगळ्यांनीच तो कधी ना कधी सोडवला आहे, आणि मी तर इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे तो विचारत आलो. १८५७ चा उठाव घ्या. तात्कालिक कारण कोणते? चरबी लावलेली काडतुसे. हे उत्तर शेवटच्या बाकावरच्या मुलालाही येते, कारण त्यात एक गोष्ट आहे आणि ती डोळ्यांसमोर उभी राहते. पण तेवढे लिहून पेन खाली ठेवले तर चारपैकी एकच गुण मिळतो. खालसा झालेली संस्थाने, बुडालेले धंदे, शिपायांचा तुटपुंजा पगार आणि रोजचा अपमान ही मूळ कारणे लिहिली, तर उरलेले तीन. काडतूस ही ठिणगी. दारू आधीपासून भरून ठेवलेली होती.

आज हे पुराण लावायला एक अगदी अलीकडची आणि आकाराने काडेपेटीहूनही लहान अशी वस्तू कारणीभूत झाली आहे. ती म्हणजे संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाला वीज पुरवणारा प्लग. तो वितळतो. काळा पडतो, वास येतो, आणि कधीकधी दीड-दोन लाख रुपयांचे कार्ड सोबत घेऊन जातो. आपल्या गोतावळ्यात कुणाचा नातू खेळांसाठी, कुणाची सून ॲनिमेशनच्या कामासाठी, तर कुणी घरच्या घरी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करायला अशी कार्डे घेऊ लागले आहेत. म्हणून हा विषय. मी कला शाखेचा माणूस आहे. विजेचे शास्त्र मला शालेय पुस्तकाइतकेच ठाऊक. पण या प्रश्नाला तेवढे पुरते, आणि बाकीचा सगळा इतिहासच आहे.

आधी घटना सांगतो. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड बाजारात आले. अमेरिकेत किंमत १,५९९ डॉलर, विजेची भूक ४५० वॅट. त्याला एक नवा प्लग होता, नाव '१२ व्हीएचपीडब्ल्यूआर'. (उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून मी त्याला पुढे 'नवा प्लग' एवढेच म्हणेन.) दोन आठवड्यांच्या आत लोक वितळलेल्या प्लगचे फोटो दाखवू लागले. १८ नोव्हेंबरला कंपनीने निवेदन काढले : जगभरातून साधारण ५० प्रकार कळले आहेत, आणि आमच्या पाहणीत मुख्य कारण असे दिसते की प्लग पूर्णपणे आत बसवलेला नव्हता. अमेरिकेतल्या 'गेमर्स नेक्सस' या संगणकाचे सुटे भाग तपासणाऱ्या मंडळींनीही स्वतंत्रपणे प्रयोग केले. अर्धवट आणि तिरका बसलेला प्लग, आणि आत राहिलेला बारीकसारीक कचरा, ही कारणे त्यांनाही सापडली.

म्हणजे तात्कालिक कारण मिळाले. ते खोटे नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्लग नीट बसला नाही तर तो तापतोच. प्रश्न एवढाच की इथे पेन खाली ठेवायचे का?

मूळ कारणांकडे जायला थोडे मागे जाऊ.

आयबीएमचा पहिला पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये. त्या अख्ख्या संगणकाचा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॅटचा. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बांत ६० वॅटचा मिळायचा, जवळपास तेवढाच! चित्र दाखवणारे कार्ड त्यातलाच चिमूटभर वाटा घ्यायचे, तेही ज्या खाचेत ते बसवले त्या खाचेतूनच. वेगळी वायर लागतच नसे. पुढे खेळांतली चित्रे त्रिमिती झाली आणि कार्डाची भूक वाढली. २००० साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू ५ ५५०० हे कार्ड आले. हार्ड डिस्कला लावतात तो चार पिनांचा प्लग त्याला लावावा लागे. त्याच कंपनीच्या पुढच्या मोठ्या कार्डाला तर भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घेणारा वेगळा ठोकळाच होता. ते कार्ड रीतसर विक्रीला येण्यापूर्वीच कंपनीचा गाशा गुंडाळला गेला आणि तिची मालमत्ता विकत घेतली एनव्हिडियाने. इतिहासाला असे योगायोग आवडतात.

त्यानंतर नियम ठरले. कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट. सहा पिनांच्या प्लगमधून आणखी ७५. आठ पिनांच्या प्लगमधून १५०. हा आठ पिनांचा प्लग २००७ च्या सुमारास आला आणि पुढे दीड दशक नेकीने चालला. आता जरा गणित करू. संगणकातली ही वीज १२ व्होल्टची असते. १५० भागिले १२ म्हणजे साडेबारा अँपिअर. आठ पिनांपैकी तीन पिना ही वीज आत नेतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला चार अँपिअरहून किंचित जास्त. पिना साधारण याच्या दुप्पट भार सोसतील अशा. जुन्या काळी सुतार जसा एका माणसाच्या स्टुलाला दोन माणसे उभी राहिली तरी मोडू नये असे पाय लावायचा, तसला हा हिशेब. एखादी पिन थोडी सैल बसली तरी बाकीच्या दोघी तिचे ओझे उचलत.

नवा प्लग याहून लहान आहे. त्यातल्या पिना एकमेकींपासून ४.२ ऐवजी ३ मिलिमीटरवर आहेत. आणि त्याच्यावर भार? ६०० वॅटपर्यंत. ६०० भागिले १२ म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी सव्वाआठहून थोडे जास्त. पिनेची क्षमता सुमारे साडेनऊ. म्हणजे पूर्वी दुपटीच्या आसपास असलेली शिल्लक आता पाव पटीच्याही आत आली.

हे आकडे डोक्यात बसत नसतील तर घरातले उदाहरण घ्या. आपला दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. त्याच्यासाठी आपण जाड वायर घेतो आणि मोठा पॉवर प्लग लावतो, ज्याच्या पितळी पिना करंगळीच्या निम्म्या जाडीच्या तरी असतात. आणि तरीही कितीतरी घरांत गिझरच्या सॉकेटभोवती काळपट डाग पडलेला दिसतो! नव्या प्लगमधली सुईसारखी एकेक पिन जवळजवळ एका गिझरइतका प्रवाह वाहून नेते. अशा सहा शेजारी शेजारी, आणि मध्ये प्लॅस्टिकची पातळ भिंत.

इथे जेम्स जूलची आठवण काढायला हवी. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमधल्या बिअर गाळणाऱ्या कारखानदाराचा हा मुलगा. १८४१ साली त्याने दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. अडीचपट तर सव्वासहा पट. आणि ती सर्वात जास्त कुठे साठते? जिथे विरोध जास्त तिथे, म्हणजे सांध्यावर. कोणताही अनुभवी वायरमन हे जूलचे नाव न घेता सांगेल : वायर क्वचित जळते, जळतो तो सांधा.

मग प्रवाह एवढा मोठा ठेवायचाच कशाला? दाब वाढवला तर तेवढीच ऊर्जा कमी प्रवाहात जाते. ही अडचण एडिसनलाही आली होती. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केले, सुमारे ११० व्होल्टचे. एवढ्या कमी दाबावर प्रवाह मोठा, म्हणून तांबे बोजड, आणि तरी मैलभराच्या पलीकडे वीज नेणे परवडेना. शेवटी जगाने दाब वाढवण्याचा रस्ता धरला. आपल्याकडे १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, ती घाट उतरलेल्या पाण्याची आणि चढ्या दाबाची. कमी दाबाने न्यायची म्हटली असती तर तांब्याचा पूलच बांधावा लागला असता.

संगणकातले १२ व्होल्ट मात्र तसेच राहिले. पहिल्या पीसीत ते मुख्यतः डिस्कच्या मोटारी फिरवायला होते. २००० च्या सुमारास प्रोसेसरची वीजही १२ व्होल्टवर आली, मग कार्डांची. एकदा वहिवाट पडली की पडली. पॉवर सप्लाय, बोर्ड, वायरी, सगळे तिच्याभोवती रचले गेले. मोबाइल-लॅपटॉपच्या यूएसबी वायरीने मात्र शहाणपणा केला. २०२१ च्या नियमांनुसार ती ४८ व्होल्टपर्यंत चढते आणि फक्त ५ अँपिअरमध्ये २४० वॅट नेते. खुद्द एनव्हिडियाने २०२५ मध्ये मोठ्या संगणककेंद्रांसाठी ८०० व्होल्टची योजना जाहीर केली, कारण तिथे तांब्याचे वजन झेपेना. घरच्या संगणकात मात्र १२ व्होल्टच, प्लग लहान आणि भार मोठा.

हे झाले पहिले मूळ कारण. दुसरे जास्त महत्त्वाचे आहे आणि ते समजायला सोपे आहे.

सहा माणसे एक ओंडका खांद्यावर घेऊन चालली आहेत अशी कल्पना करा. दोघांनी खांदा हळूच काढला. ओंडका तेवढाच आहे, चालही तीच आहे. लांबून बघणाऱ्या मुकादमाला काहीच कळत नाही, पण उरलेल्या चौघांचा जीव जातो. नव्या प्लगचे असेच आहे. ४०९० मध्ये कार्डाच्या आत शिरताच सहाही तारा एकत्र केल्या आहेत. एकूण किती वीज येते ते कार्डाला कळते. कोणत्या तारेतून किती येते, ते कळायची सोयच नाही. पॉवर सप्लायही एकूण भारच पाहतो. आणि गंमत अशी (गंमत कसली, दुःखच) की त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ३०९० टीआय या कार्डात, तशाच प्लगमागे, सहा तारांच्या तीन जोड्या वेगळ्या ठेवून त्यांच्यावर भार वाटण्याची व्यवस्था होती. म्हणजे मुकादम माहीत होता, पुढच्या कार्डात तो काढून टाकला गेला.

याचा परिणाम काय होऊ शकतो ते फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. ३० जानेवारीला आरटीएक्स ५०९० आले होते, ५७५ वॅटचे. म्हणजे १९८१ चे नऊ पीसी एका कार्डात! रोमन हार्टुंग या जर्मन तंत्रज्ञाने स्वतःच्या कार्डाच्या वायरी एकेक करून मोजल्या. एका तारेतून २० अँपिअरहून जास्त, तर काहींतून अगदी दोन-तीन. पॉवर सप्लायच्या बाजूचा सांधा काही मिनिटांत १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला. सगळ्यांच्याच कार्डात असे होते असे नाही. पण जेव्हा होते तेव्हा कार्डाला ते समजत नाही आणि ते थांबत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आता एक वेगळी गोष्ट सांगतो, युद्धकाळातल्या इंग्लंडमधली. १९४२ साली, बॉम्ब पडत असतानाच, युद्धानंतरच्या घरांत वीज कशी खेळवायची हे ठरवायला तिथे एक समिती नेमली गेली. तिच्यात एकच स्त्री होती, कॅरोलाइन हॅस्लेट. इंजिनिअर बायकांच्या संघटनेत आणि गृहिणींना विजेची ओळख करून देणाऱ्या संस्थेत तिने आयुष्य घातले होते. तांब्याची टंचाई होती. म्हणून घरभर एकच वेटोळे फिरवायचे आणि त्यालाच सगळे सॉकेट जोडायचे असे ठरले. यात एक धोका होता. मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा, आणि टेबललॅम्पची वायर बारीक. ती जळून गेली तरी मुख्य फ्यूजला पत्ता लागणार नाही. आपल्या ओंडक्याचीच गोष्ट! मग त्यांनी काय केले? प्रत्येक प्लगच्या पोटात त्याचा स्वतःचा छोटा फ्यूज बसवला. शिवाय सॉकेटच्या भोकांवर झडपा बसवल्या. लांब पिन आधी आत गेल्याशिवाय त्या उघडत नाहीत, म्हणजे लहान मुलाने काही खुपसले तरी बिघडत नाही. १९४७ मध्ये हे ब्रिटिश प्रमाण ठरले. (आपण मात्र त्यांचाच १९३४ चा गोल पिनांचा जुना घाट पुढे चालवला. तो वेगळा विषय.)

मला या समितीचे कौतुक वाटते ते यासाठी की तांबे वाचवायचे होते ते त्यांनी वाचवले, पण वाचवताना एका ठिकाणची सुरक्षा काढली तर दुसऱ्या ठिकाणी भरून दिली. आणि माणूस चुकणार हे त्यांनी गृहीत धरले. मूल भोकात खिळा घालणारच, मग झडप हवी. 'मुलांनी खिळे घालू नयेत' असे पत्रक काढून ते थांबले नाहीत.

नव्या प्लगच्या बाबतीत उलटे झाले. प्रमाण ठरवणाऱ्या पीसीआय-सिग या संस्थेने २०२२ च्या अखेरीस आपल्या सभासदांना आठवण करून दिली की आमचे नियम भाग एकमेकांशी जुळावेत यासाठी असतात, सुरक्षेच्या चाचण्या करणे ही उत्पादकांची जबाबदारी. उत्पादकांचे म्हणणे, प्लग बसवणे ही ग्राहकाची जबाबदारी. आणि ग्राहक बिचारा टेबलाखाली वाकून, मोबाइलच्या उजेडात, 'टक' असा आवाज झाला की नाही ते ऐकत बसलेला. जबाबदारी पाण्यासारखी असते, ती उतारावरून सर्वात खाली असलेल्या माणसाकडे वाहत जाते.

काही सुधारणा झाल्या, हेही नोंदवले पाहिजे. २०२३ मध्ये प्लगची सुधारित आवृत्ती आली. कार्डाशी 'बोलणाऱ्या' चार बारीक पिना तिच्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटर आखूड केल्या, आणि वीज नेणाऱ्या पिना किंचित लांब केल्या. प्लग पुरता आत गेला नाही तर आखूड पिना जुळत नाहीत आणि कार्ड भार घेत नाही. ही झाली हॅस्लेटबाईंच्या समितीच्या जातीची सुधारणा! पण मला त्यात एक कबुलीही दिसते. चूक फक्त बसवणाऱ्याची असती तर पिना कापायची गरज पडली नसती. सहा तारांवरचा भार मोजण्याचे काम मात्र या सुधारणेने होत नाही, ते २०२५ च्या मोजणीने दाखवलेच.

मधल्या काळात दुसऱ्या कंपन्यांनी काढलेल्या जोडण्यांनीही भर घातली. केबलमॉड कंपनीचे काटकोनी अडॅप्टर फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत परत मागवले गेले. सुमारे २५,३०० नग, आणि वितळल्याच्या २७२ तक्रारी. वायर वाकू नये म्हणून काढलेला उपाय, पण त्यात सांधा आणखी एक वाढला.

शिक्षकी पेशात एक साधी कसोटी असते. एका मुलाने गणित चुकवले तर मुलाची वही तपासावी. वेगवेगळ्या गावांतल्या मुलांनी तेच गणित त्याच पायरीवर चुकवले तर प्रश्नपत्रिका तपासावी. आठ पिनांचा जुना प्लगही याच लोकांनी, याच हातांनी, पंधरा वर्षे बसवला होता. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये माणसे अचानक धांदरट झाली नाहीत. बदलला तो प्लग.

असो. ज्यांच्या घरी असे कार्ड आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्लग सरळ रेषेत, पूर्ण आत दाबा. कडेला फट दिसता कामा नये. वायर प्लगपाशीच करकचून वाकवू नका, दोन बोटे तरी सरळ जाऊ द्या. पॉवर सप्लायच्या बाजूचे टोकही तपासा. पुन्हा पुन्हा काढून बघू नका, हा प्लग साधारण ३० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबानेच बनवलेला असतो. शक्यतो पॉवर सप्लायसोबत आलेलीच वायर वापरा, मध्ये अडॅप्टर नको. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी खाली आणता येते, वेगात फारसा फरक पडत नाही. आणि जळका वास आला तर आधी भिंतीवरचे बटण बंद, चौकशी नंतर. रात्रभर काम लावून झोपणाऱ्या तरुण मंडळींनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

हे सगळे पाळा, कारण जळणारे घर आपले असते. पण पाळताना हेही लक्षात ठेवा की आपण दुसऱ्या कुणीतरी कमी केलेली शिल्लक आपल्या काळजीने भरून काढतो आहोत. 'प्लग नीट बसवला नव्हता' या उत्तराला मी एक गुण देईन. उरलेले तीन गुण १२ व्होल्टच्या वहिवाटीला, कापलेल्या शिल्लकीला आणि काढून टाकलेल्या मुकादमाला. ते ज्यांच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेले असायला हवेत, त्यांनी मात्र चार ओळींतच पेन खाली ठेवले आहे.

विजेच्या क्षेत्रातल्या जाणकार मंडळींनी यात जरूर भर घालावी.